'परभणी' लिहायला किती बटणं लागतात?

खंडेनवमीला आमच्याकडे परभणीत अजूनही अवजारांची पूजा होते. सुताराची करवत, शेतकऱ्याचा विळा आणि कुऱ्हाड, गॅरेजवाल्याचे पाने. ही पद्धत आता आयटी कंपन्यांतही पोचली आहे. लॅपटॉपला झेंडूचं फूल, कडेला हळदीकुंकवाचं बोट, आणि लगेच फोटो. मला मात्र दरवेळी प्रश्न पडतो की यातलं आपलं खरं अवजार कोणतं? लॅपटॉप तर तीन-चार वर्षांत बदलतो. भाषा बदलतात, फ्रेमवर्क बदलतात, एडिटर बदलतात. कॉलेजात शिकलेलं अर्धं सॉफ्टवेअर आज कुणी वापरत नाही. बदलला नाही तो एकच, की-बोर्ड. आपल्या टेबलावरची ती सगळ्यात जुनी वस्तू आहे, आणि आपण तिच्याकडे सगळ्यात कमी बघतो.

म्हणून या शनिवारी की-बोर्डाचा इतिहास. पण तो परभणीच्या बाजूने सांगतो. कारण अमेरिकेतलं यंत्र मराठीपर्यंत कसं आलं, यातच खरी मजा आहे, आणि थोडं दुखणंही.

वंशावळ

क्रिस्तोफर लॅथम शोल्स हा अमेरिकेतल्या मिलवॉकी गावचा वर्तमानपत्रवाला. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी १८६८ मध्ये टाइपरायटरचं पेटंट घेतलं. १८७३ मध्ये रेमिंग्टन कंपनीशी करार झाला आणि १८७४ मध्ये मशीन बाजारात आलं. रेमिंग्टन म्हणजे बंदुका आणि शिवणयंत्रं बनवणारी कंपनी. पहिल्या मशीनवर फक्त कॅपिटल अक्षरं उमटायची. १८७८ च्या दुसऱ्या मॉडेलवर शिफ्ट की आली. एकाच दांड्यावर दोन अक्षरं, आणि शिफ्ट दाबली की यंत्राचा भाग खरोखरच सरकायचा. शिफ्ट हे नाव तिथलं. आज काहीच सरकत नाही, नाव तेवढं राहिलं.

पुढचा पूर्वज म्हणजे टेलीटाइप, तारेवरून चालणारा टाइपरायटर. १९६३ मध्ये आस्की हा कोड ठरला. त्यात ० ते १२७ असे १२८ नंबर, आणि इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर म्हणजे त्यातला एक नंबर. पण सुरुवातीचे ३२ नंबर अक्षरांचे नव्हतेच, ते यंत्राला द्यायचे हुकूम होते. ७ नंबर आला की घंटी वाजवायची. १३ नंबर आला की डोकं डावीकडे न्यायचं. १० नंबर आला की कागद एक ओळ वर सरकवायचा. विंडोजची फाइल लिनक्सवर उघडली की ओळींच्या शेवटी जो घोळ होतो (आणि गिटमध्ये सगळी फाइल बदललेली दिसते!) तो याच १३ आणि १० चा. विंडोज अजून दोन्ही हुकूम लिहितं, लिनक्स फक्त १० लिहितं.

डिलीटचा नंबर १२७ का, याचं उत्तर मला सगळ्यात आवडतं. तेव्हा प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून साठवत. भोक एकदा पडलं की बुजवता येत नाही. मग चुकीचं अक्षर खोडायचं कसं? त्याच्यावर सातही भोकं पाडायची. सात भोकं म्हणजे सात एक, म्हणजे १२७. खोडणं म्हणजे सगळीकडे भोकं पाडणं! आपल्या की-बोर्डावर कागदी पट्टी अशी अजून जिवंत आहे.

अशी बरीच उदाहरणं आहेत. टर्मिनलला युनिक्समध्ये टीटीवाय म्हणतात, ते टेलीटाइपचं लघुरूप. कोडची ओळ ८० अक्षरांची असावी हा दंडक आयबीएमच्या १९२८ च्या पंचकार्डावरून आला, त्यावर ८० रकाने होते. व्हीआय एडिटरमध्ये एच, जे, के, एल या अक्षरांनी कर्सर हलतो, कारण बिल जॉयने १९७६ च्या सुमारास ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर तो लिहिला त्यावर बाण याच चार बटणांवर छापलेले होते. त्याच टर्मिनलवर होम आणि टिल्डे हे एकाच बटणावर होते, आणि आज होम डिरेक्टरीची खूण टिल्डे आहे.

थोडक्यात काय, कुणीतरी त्या वेळच्या अडचणीवर काढलेला तोडगा, अडचण संपल्यावरही पन्नास-शंभर वर्षं टिकतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कचेरीची भाषा

आता आपल्या गावाकडे येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि ती कचेरीची भाषा झाली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. घरात मराठी, हिशेबाच्या जुन्या वहीत मोडी, आणि तहसिलीत उर्दू, असा कारभार. आमच्याकडचे म्हातारे लोक अजून सर्कल अधिकाऱ्याला गिरदावर म्हणतात आणि तहसिलीतल्या बाबूला पेशकार, ते त्या दिवसांमुळे.

१९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम आला. म्हणजे एकाच पिढीत कचेरीची भाषाही बदलली आणि लिहिण्याची दिशाही. उजवीकडून डावीकडे लिहिणारी कचेरी डावीकडून उजवीकडे लिहू लागली. आणि या नव्या कचेरीला हवं होतं मराठी टाइपरायटर.

इथे अडचण अशी की शोल्सचं मशीन इंग्रजीसाठी होतं. २६ अक्षरं, लहान-मोठी धरून ५२, वर आकडे आणि चिन्हं. साधारण ४५ बटणं, शिफ्ट धरून नव्वदेक चिन्हं, की काम भागलं. देवनागरीत स्वर, व्यंजनं, काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि शिवाय जोडाक्षरं. नव्वदात हे बसणार कसं? त्यावर देवनागरी मशीन बनवणाऱ्यांनी काढलेला तोडगा फार हुशारीचा होता. त्यांनी अक्षराकडे उच्चार म्हणून बघितलंच नाही, आकार म्हणून बघितलं. भ म्हणजे काय? अर्धा भ आणि पुढे उभी रेघ. ण म्हणजे अर्धा ण आणि उभी रेघ. आणि काना म्हणजे तरी काय, उभी रेघच! मग अर्ध्या अक्षरांची बटणं ठेवायची आणि कान्याचं एक बटण सगळ्यांनी वाटून घ्यायचं. जोडाक्षरं फुकटात मिळतात, कारण अर्धं अक्षर तयारच आहे.

दहावीची परीक्षा झाली की सुट्टीत टायपिंग लावायचं, हा आमच्या जिल्ह्यातला अलिखित नियम. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला एवढा वेग लागतो. पोराला पुढे नोकरी कुठे लागेल सांगता येत नाही, हातात सर्टिफिकेट असलेलं बरं, असा घरच्यांचा हिशोब. मीही लावलं होतं. पत्र्याच्या खोलीत वीस-पंचवीस मशीन एकदम खडखडत असायच्या आणि ओळ संपत आली की कुठून ना कुठून टिंग वाजायचं. तोच तो आस्कीतला ७ नंबर, फक्त खरा. "बोटाकडं बघू नको रे, कागदाकडं बघ," एवढंच सर तासभर म्हणत. आज मी खाली न बघता कोड लिहितो ते त्या सुट्टीमुळे.

त्या मशीनवर 'किती' लिहायचं तर आधी ऱ्हस्व वेलांटी मारायची, मग क. बोलताना आपण आधी क म्हणतो, पण कागदावर वेलांटी डावीकडे येते, आणि मशीनला बोलणं कळत नाही, फक्त डावं-उजवं कळतं. टाइपरायटरला हे शोभतंच. कागदावर आकार उमटला की त्याचं काम संपलं. तो शब्द कुणी नंतर शोधणार नव्हतं, क्रमाने लावणार नव्हतं, दुसऱ्या यंत्राला पाठवणार नव्हतं.

गोदरेजने १९५५ मध्ये पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला आणि २००९ मध्ये हे उत्पादन थांबवलं. पण टाइपरायटरची पद्धत त्याआधीच संगणकात शिरली होती.

पुण्यातला निर्णय

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आयआयटी कानपूरमध्ये प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांच्यासारखी मंडळी एका प्रश्नावर काम करत होती. भारतीय लिपी संगणकात ठेवायची कशी? आकार ठेवायचे की उच्चार?

त्यांनी उच्चार निवडला. यामागे एक साधं निरीक्षण आहे. देवनागरी, गुजराती, बंगाली, तेलुगू, कन्नड या लिप्या दिसायला वेगवेगळ्या असल्या तरी सगळ्या ब्राह्मीच्या लेकी. सगळ्यांची वर्णमाला क, ख, ग, घ अशीच चालते. मग साठवताना फक्त 'क', 'हलन्त', 'ष' एवढंच साठवा. त्याचा क्ष कसा काढायचा हे पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला ठरवू द्या. बोलतो त्या क्रमाने साठवा, दाखवताना वेलांटी डावीकडे न्या. साठवणं वेगळं, दाखवणं वेगळं. आज आपण डेटा आणि व्ह्यू वेगळे ठेवा म्हणून ज्युनियरला ज्ञान देतो, ते हेच.

याच विचारातून १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट हा की-बोर्ड ठरला आणि इस्की हा कोड आला. इस्की १९८८ मध्ये सुधारला गेला आणि १९९१ मध्ये आयएस १३१९४ या नावाने भारतीय मानक झाला. १९८८ मध्येच पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. आपल्याला सी-डॅक म्हटलं की १९९१ चा परम सुपरकॉम्प्युटर आठवतो. पण जिस्ट नावाचा हा लिपीवाला गटही कानपूरहून तिथेच आला. त्यांनी जिस्ट कार्ड काढलं. साध्या पीसीच्या स्लॉटमध्ये बसवायचं, की डॉसवरचे इंग्रजी प्रोग्रॅमसुद्धा मराठी दाखवायला लागत. लिपी बदला म्हटलं की तोच मजकूर गुजरातीत किंवा तेलुगूत दिसे, कारण आत साठवलेले उच्चार तेच.

इन्स्क्रिप्टचा नकाशा एकदा नीट बघाच. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. इंग्रजी के च्या जागी क, आणि शिफ्ट दाबून के म्हणजे ख. आय वर ग, शिफ्टने घ. एच वर प, शिफ्टने फ. अल्पप्राण आणि महाप्राण एकाच बटणावर! शाळेतला तक्ता ज्याला पाठ आहे त्याला हा की-बोर्ड निम्मा येतोच. शोल्सच्या की-बोर्डाची ठेवण तशी का, यावर अजून वाद चालतात. इन्स्क्रिप्टची ठेवण तशी का, हे पहिलीतलं पोरगंही सांगेल.

मग सगळं मराठी जग लगेच इन्स्क्रिप्टवर गेलं का? छे!

फॉन्टचं दशक

नव्वदच्या दशकात गावोगावी डीटीपी सेंटर निघाली. पेजमेकर, कोरलड्रॉ, लेझर प्रिंटर. लग्नपत्रिका, हॅन्डबिलं, निवडणुकीची पत्रकं, सगळं तिथे. हे प्रोग्रॅम बाहेरून आलेले. त्यांना एका फॉन्टमध्ये जेमतेम अडीचशे चिन्हं माहीत. उच्चारावरून जोडाक्षर घडवणं वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी टाइपरायटरचाच जुना तोडगा काढला. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकारांचे तुकडे बसवायचे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी, आकृती, कृतिदेव ही त्या काळची नावं.

कृतिदेवमध्ये 'परभणी' हा शब्द संगणकात कसा साठतो माहितीये? आय, जे, कॅपिटल एच, के, पूर्णविराम, के, एच. सात बटणं. प म्हणजे आय. र म्हणजे जे. कॅपिटल एच म्हणजे अर्धा भ आणि के म्हणजे उभी रेघ. पूर्णविराम म्हणजे अर्धा ण, पुन्हा के, आणि एच म्हणजे दीर्घ वेलांटी. संगणकाच्या लेखी तिथे परभणी नाहीच. निरर्थक इंग्रजी अक्षरं आहेत, ज्यांना मराठीचा मुखवटा चढवला आहे. मुखवटा काढला, म्हणजे फॉन्ट बदलला, की खेळ खलास. आणि प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा.

त्या लोकांना नावं ठेवायचा माझा विचार नाही. त्यांनी मराठी छपाई स्वस्त केली, गावात आणली, हजारोंना रोजगार दिला. त्यांचं गिऱ्हाईक कागद मागत होतं आणि कागद उत्तमच निघत होता. पण फाइल मागे राहते, आणि कागदाला वाळवी लागते.

याचा अनुभव मला घरातच आला. आमच्या गावच्या वाचनालयाने १९९७ मध्ये, मुक्तिसंग्रामाला पन्नास वर्षं होत आली म्हणून, एक स्मरणिका काढली होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेवरून गावातले कोण कोण बाहेर पडले, कुणाला अटक झाली, कुणी सरहद्दीवरच्या कॅम्पात दिवस काढले, हे तेव्हा हयात असलेल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून घेतलेलं. त्यातलं आता कुणीही नाही. छापील प्रत एकच उरली होती आणि तिची निम्मी पानं वाळवीने खाल्लेली. फाइल मात्र एका सीडीवर सापडली. उघडली तर पानभर चिन्हांचा कचरा. डीटीपी सेंटर कधीच बंद झालेलं, आणि फॉन्ट कुठला ते सांगणारं कुणी नाही.

मग शनिवार-रविवार बसलो. वाळवीने सोडलेली पानं एका बाजूला, फाइलमधली चिन्हं दुसऱ्या बाजूला. या चिन्हाचा हा आकार, असा तक्ता पायथॉनमध्ये करत गेलो. नुसता तक्ता पुरत नाही. वेलांटी आधी साठवलेली असते, ती उचलून अक्षराच्या मागे न्यावी लागते. 'स्थिती' असेल तर एका अक्षराच्या नाही, अख्ख्या जोडाक्षराच्या मागे. रफाराचं उलटं. 'सर्व' मध्ये तो व वर दिसतो म्हणून फाइलमध्ये व नंतर असतो, तो व च्या आधी आणायचा. आकाराकडून उच्चाराकडे उलटा प्रवास. तीन शनिवार-रविवार गेले आणि खाल्लेल्या पानांवरची नावं परत आली. एकाहत्तर नावं. बाबांना वाचून दाखवली तर त्यातल्या अकरा घरांची माणसं त्यांना ठाऊक होती, पण त्या घरांतल्या कुणी तुरुंगवास भोगलाय हे त्यांनाही माहीत नव्हतं.

अशा किती सीड्या किती कपाटांत पडल्या असतील, तुम्हीच विचार करा. निजामाच्या काळचे उर्दू कागद आणि पेशव्यांच्या काळची मोडी आज वाचणारी माणसं थोडी आहेत, पण आहेत. १९९७ ची मराठी फाइल मात्र वाचता येत नाही. आता बोला!

पाच नंबर

ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यातली देवनागरी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली आहे. म्हणजे कानपूर-पुण्यात झालेला 'उच्चार साठवा' हा निर्णय जगाचा निर्णय झाला. १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ काढलं (न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात टेबलावरच्या कागदावर). २००० साली विंडोज २००० मध्ये देवनागरी आली आणि सोबत मंगल हा फॉन्ट. तो आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला. मग बरहासारखी सॉफ्टवेअर आली, इंग्रजी स्पेलिंग टंकलं की मराठी उमटायचं, आणि आंतरजालावर मराठी लिहिणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली.

युनिकोडमध्ये 'परभणी' म्हणजे प, र, भ, ण आणि दीर्घ वेलांटी. पाच नंबर. इन्स्क्रिप्टवर बटणंही पाचच. बरहात नऊ. पण कसंही टंका, साठतात तेच पाच नंबर.

एक गंमत करून बघा. त्या पाचही नंबरांत ७६८ मिळवा. तेलुगू लिपीत परभणी तयार! कारण युनिकोडनेही भारतीय लिप्या इस्कीच्याच क्रमाने एकाखाली एक मांडल्या आहेत. मनमाडहून निघून परभणीवरून काचीगुड्याला जाणाऱ्या गाडीला लिपी बदलायला काही तास लागतात, आपल्याला एक बेरीज.

मग प्रश्न सुटला? पाया पक्का झाला. पण त्यावर घर बांधणारे आपण आहोत, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून आस्कीच आहे. एक अक्षर म्हणजे एक नंबर, हे आपण धरूनच चालतो. इंटरव्ह्यूत हमखास विचारतात, दोन्हीकडून सारखा वाचता येणारा शब्द ओळखणारा प्रोग्रॅम लिहा. त्याला 'रामाला भाला मारा' देऊन बघा, स्पेस काढून. शेंबडं पोरगंही सांगेल की हे उलटसुलट सारखंच आहे. प्रोग्रॅम म्हणेल नाही, कारण त्याने उलटवताना काना र च्या आधी नेला. आपल्याला जे एक अक्षर वाटतं ते मोजायचे नियम युनिकोडने दिलेले आहेत. क्ष सारखं जोडाक्षर एकच धरायचं, ही दुरुस्ती तर २०२३ मध्ये १५.१ आवृत्तीत झाली. पण ते नियम वापरायचे आपणच.

एसएमएसचंही तसंच. इंग्रजी संदेशात १६० अक्षरं मावतात, मराठीत एक अक्षर आलं की मर्यादा ७०. आणि त्या सत्तरात काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजतात. शेतकऱ्यांना एसएमएसने सल्ला देणारी एमकिसान ही केंद्राची योजना २०१३ मध्ये सुरू झाली. आता 'येत्या दोन दिवसांत पाऊस, कापसावर फवारणी करू नका' हा निरोप सत्तरात बसवून बघा, आणि वर तालुक्याचं नावही घाला.

ऱ चं तर काय सांगावं. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यात गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. इस्कीपासून या ऱ ला वेगळी जागा आहे, इन्स्क्रिप्टवर शिफ्ट दाबून जे. पण तोच आकार र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही उमटतो. डोळ्यांना एकच, शोधताना वेगळं. 'ॲ' चंही असंच. त्याला स्वतःचा नंबर २००८ मध्ये मिळाला, त्याआधी लोक अ वर चंद्र काढत. आजही दोन्ही चालतात, आणि सर्चमध्ये अर्धे ॲडव्होकेट सापडत नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते नावांचं. गंगाखेडच्या बाजूला ज्ञानोबा हे नाव घरटी एक. मराठीत ते एकाच पद्धतीने लिहितात. इंग्रजीत? कुणी डी-एन-वाय ने सुरू करतं, कुणी नुसतं डी-एन, कुणी जी-वाय, कुणी जे-एन. माझ्या एका नात्यातल्या ज्ञानोबाकाकांच्या तीन कागदांवर तीन स्पेलिंग आहेत. तिन्ही ठिकाणी समोरच्याने त्याच्या परीने बरोबरच लिहिलं. नंतर एका अर्जात संगणकाने ती ताडून बघितली, जुळेनात, अर्ज अडकला. काका म्हणाले, "आरं, नाव तर एकच हाय माझं. त्या मशीनला मराठी येत न्हाय का?"

येतं ना काका. १९९१ पासून येतं. जमिनीचा सातबारा तर मराठीतच असतो, २०१८ पासून डिजिटल सहीचाही मिळतो. पण मधल्या कुठल्यातरी तक्त्यात नावाचा रकाना बनवताना कुणीतरी फक्त इंग्रजी अक्षरं चालतील असं लिहून ठेवतं, किंवा डेटाबेसचा प्रकार असा निवडतं की मराठी टाकलं की प्रश्नचिन्हं साठतात. एक ओळ असते ती. आपल्यासारखाच कुणीतरी, शुक्रवारी संध्याकाळी, लवकर निघायचं म्हणून लिहितो. आणि वर म्हटलं तसं, असे तोडगे पन्नास-पन्नास वर्षं टिकतात.

म्हणून मी गेल्या वर्षीपासून एक नियम पाळतो. जिथे माणसाचं किंवा गावाचं नाव येतं त्या प्रत्येक फॉर्मच्या टेस्टमध्ये तीन शब्द टाकतो. 'ज्ञानोबा', 'आचाऱ्यांना', 'परभणी'. साठवा, परत वाचा, शोधा, क्रमाने लावा, छापा. पहिल्यांदा लावले तेव्हा आमच्या प्रोजेक्टमध्ये चौदा टेस्ट लाल झाल्या. टीम लीड म्हणाला, मराठी युजर आहेत कुठे आपले? मी म्हटलं, सगळीकडे आहेत, फक्त आपण त्यांना इंग्रजीत नाव लिहायला लावलंय. दोन दिवसांत चौदाही हिरव्या झाल्या. खर्च म्हणाल तर दोन दिवस, बस्स.

आता तर फोनला नुसतं बोललं तरी 'परभणी' उमटतं. बटणं शून्य. पण आत साठतात ते तेच पाच नंबर, याच क्रमाने. ते नीट पुढे पोचवणं एवढंच आपलं काम आहे.

तूर्तास इतकंच. सोमवारी ऑफिसात गेलात की तुमच्या प्रोजेक्टमधला नावाचा रकाना उघडा आणि त्यात 'ज्ञानोबा' टंकून बघा.